भ्रंशावर बसलेलं स्टेडियम : बर्कलीचे इंजिनिअर १९२३ साली खरंच चुकले होते का?

तुम्ही विचारलंत त्यात तीन प्रश्न आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम जिवंत भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या अजूनही सरकणाऱ्या भेगेवर, उभं आहे हे खरं का? बांधणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं का? आणि सगळं कळून-सवरून २०१२ मध्ये त्याच जागी एवढा पैसा ओतून ते पुन्हा का उभं केलं? पहिल्या दोन्हींची उत्तरं एकेका ओळीत देता येतात. हो, खरं आहे. आणि हो, ठाऊक होतं. तिसऱ्याला मात्र वेळ लागेल.

आधी माझा अधिकार किती ते सांगतो. मी पुण्यात तीस वर्षं स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे आणि त्यातली निम्मी वर्षं जुन्या इमारतींची ऑडिटं आणि दुरुस्त्या करण्यात गेली. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तो लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. पण स्टेडियम ही शेवटी एक मोठी, वाकडी, उघड्यावरची इमारतच असते, आणि असल्या इमारतींशी माझं रोजचं देणं-घेणं आहे.

हा भ्रंश म्हणजे हेवर्ड भ्रंश. तो सॅन पाब्लो उपसागरापासून सुरू होऊन बर्कली, ओकलंड, हेवर्ड असा फ्रीमॉंटच्या पुढे जातो. त्याची पश्चिमेकडची बाजू पूर्वेच्या तुलनेत वायव्येला सरकते. बर्कलीत तो टेकड्यांच्या पायथ्याने येतो, स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या तोंडाशी स्टेडियमच्या उत्तर टोकातून आत शिरतो, मैदानाखालून जवळजवळ एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत लांबीच्या दिशेने जातो आणि दक्षिण टोकातून बाहेर पडतो. ताटाच्या मधून सुरी फिरवावी तसं. त्यामुळे स्टेडियमचा लंबगोल बरोबर दोन जागी कापला जातो, उत्तरेला एकदा आणि दक्षिणेला एकदा. हे दोन छेद लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

आता 'ठाऊक होतं का' ते. विद्यापीठाची सनद २३ मार्च १८६८ ची. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला याच भ्रंशावर मोठा भूकंप झाला. १९०६ चा भूकंप होईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोची माणसं 'तो मोठा भूकंप' म्हणत ती १८६८ च्या याच भूकंपाला. १९०६ नंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते अँड्र्यू लॉसन, बर्कलीचेच भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांनी कॅलिफोर्नियाच्या सगळ्यात प्रसिद्ध भ्रंशाला, सॅन अँड्रियासला, नाव दिलं ते. आयोगाचा अहवाल १९०८ मध्ये आला आणि त्यात १८६८ साली हेवर्ड भ्रंशावर जमीन कशी फाटली होती त्याचीही नोंद आहे. म्हणजे ज्ञान कुठल्या परक्या देशात नव्हतं, त्याच कॅम्पसवर होतं. 'बिचाऱ्यांना माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही.

मग तिथेच का? त्याचं कारण भूगर्भात शोधू नका, त्या काळच्या हवेत शोधा. १९०५ च्या आसपास अमेरिकन फुटबॉलमध्ये पोरं इतकी जखमी होत, मरत, की बर्कली आणि स्टॅनफर्ड या दोन्ही विद्यापीठांनी १९०६ पासून तो सोडून रग्बी धरली. बर्कली १९१५ मध्ये परत फुटबॉलकडे वळलं. अँडी स्मिथ हे प्रशिक्षक आले आणि १९२० ते १९२५ या काळात त्यांचा संघ सलग ५० सामने हरला नाही. जुन्या लाकडी बाकांच्या मैदानात गर्दी मावेना. त्यात स्टॅनफर्डने १९२१ मध्ये आपलं मोठं स्टेडियम काही महिन्यांत बांधून मोकळं केलं. शेजाऱ्याने बंगला बांधला की आपल्या घराचं छत खाली आल्यासारखं वाटतं, तसली अवस्था. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांचं स्मारक म्हणून वर्गणी काढली आणि ती भराभर जमली.

कॅम्पसचे आर्किटेक्ट जॉन गेलन हॉवर्ड यांच्या डोक्यात रोमच्या कलोसियमसारखी चहूबाजूंनी उभी वास्तू होती. पण सपाटीवर जागा घ्यायची म्हणजे शहरातली महागडी जमीन. कॅन्यन मात्र विद्यापीठाच्या हातातच होतं आणि टेकडीचा उतार फुकटात अर्धं स्टेडियम देत होता. कॅन्यनची जागा हॉवर्ड यांना पसंत नव्हती. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच: जागा ठरते मालकाच्या खिशावरून आणि मग आपल्याला बोलावून विचारतात, 'कसं बसवता येईल?'

त्यांनी बसवलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. पूर्वेची बाजू टेकडीच्या उतारावर टेकवली, म्हणजे पायऱ्या थेट मातीवर. पश्चिमेची बाजू आरसीसीच्या चौकटीवर उभी केली आणि बाहेरून हॉवर्ड यांनी कमानींची देखणी भिंत घातली. माती हलवण्यासाठी सोन्याच्या खाणींतली जुनी युक्ती वापरली: टेकडीवर पाण्याचे जोरदार फवारे मारून माती धुऊन खाली आणायची आणि भराव करायचा. कॅन्यनमधून वाहणारा स्ट्रॉबेरी ओढा पाइपात घालून मैदानाखालून नेला. म्हणजे बघा, खाली भ्रंश, त्यावर भराव, त्यातून बंदिस्त ओढा आणि वर दहा-वीस हजार नव्हे, सत्तर हजारांहून जास्त माणसं. असा नकाशा आज कुणी माझ्या टेबलावर ठेवला तर मी आधी चहा मागवीन.

काम वर्षभराच्या आत उरकलं. त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, जपानमध्ये कांतोचा महाभूकंप झाला आणि तोक्यो-योकोहामा बेचिराख झाली. १७ सप्टेंबरला बर्कलीतच टेकडीवरून आग उतरली आणि सुमारे ६०० इमारती जळाल्या. काम थांबलं नाही. २४ नोव्हेंबर १९२३ ला उद्घाटनाचा सामना झाला, स्टॅनफर्डविरुद्ध. बर्कलीने ९-० असा जिंकला.

आता मुद्द्याचं. स्टेडियम आखताना भ्रंश जिथे लंबगोल कापतो त्या दोन्ही जागी बांधकाम अखंड ठेवलं नाही, तिथे जॉइंट सोडले. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे, शेजारी शेजारी, पण एकमेकांना न बांधलेले. लोक 'मूर्खांनी भ्रंशावर बांधलं' म्हणतात तेव्हा मला या जॉइंटची आठवण करून द्यावीशी वाटते. जागा निवडणं ही चूक होतीच. पण चुकीच्या जागेवर बरोबर तोडगा काढणं ही वेगळी गोष्ट आहे.

जॉइंटचं महत्त्व आपल्याकडे किती कळतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या इमारतीचं ऑडिट होतं. लांबलचक इमारत, मधोमध एक इंचाचा एक्स्पान्शन जॉइंट. पावसात तिथून गळायचं. देखभालीच्या कंत्राटदाराने काय करावं? वरपासून खालपर्यंत जॉइंट सिमेंटने गच्च भरून, वर प्लास्टर, रंग. गळणं थांबलं, सगळे खूश. पुढच्या उन्हाळ्यात जॉइंटपासून दीड फुटावर, चांगल्या भिंतीत, तीन मजले उभी चीर. इमारतीला हलायचं होतंच. दार बंद केलं म्हणून तिने भिंत फोडली. बर्कलीच्या माणसांनी दार उघडं ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नव्हती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. भ्रंश म्हटला की तो गप्प बसतो आणि एकदम झटका देतो, एवढीच तेव्हाची समज. तो भूकंप न होताही गोगलगायीसारखा सरकत राहू शकतो, हे १९५० च्या दशकात कळलं, तेही कॅलिफोर्नियातल्याच होलिस्टरजवळच्या एका वायनरीच्या भिंती आणि फरश्या तुटत चालल्या म्हणून. मग लोक हेवर्ड भ्रंशाकडेही त्या नजरेने पाहू लागले. १९६६ मध्ये एक शोधनिबंध आला, विषय स्टेडियमखालचा तोच बंदिस्त ओढा: पाइपाचं काँक्रीट तडकलं होतं आणि त्याला कारण भ्रंशाचं सरकणं. चाळीस-एक वर्षं वर सामने चालू होते आणि खाली पाइप मिलिमीटर मिलिमीटरने चिरत होता.

मी ते स्टेडियम पाहिलं २००७ च्या ऑक्टोबरमध्ये. बहीण फ्रीमॉंटला राहते, तिच्याकडे गेलो होतो. मेहुण्यांना वाटलं मला गोल्डन गेट ब्रिज पाहायचा असेल. मी म्हटलं, आधी बर्कली. दक्षिण टोकाला अगदी वरच्या कठड्यापाशी, केके नावाच्या विभागाजवळ जायचं. तिथे कठड्याचं काँक्रीट एका रेषेत येता येता अचानक तुटतं आणि पुढचा भाग बाजूला सरकून सुरू होतो. रेल्वेचे दोन डबे वळणावर किंचित तिरके दिसतात तसं. टेप जवळ नव्हता. हात लावून मोजलं, एक वीत आणि वर चार बोटं. म्हणजे फूटभर. ८४ वर्षांतलं फूटभर. मधल्या फटीत वाळलेली पानं आणि कोल्ड्रिंकचं झाकण अडकलेलं. मी वाकून वाकून पाहतोय आणि मेहुणे लांब उभे राहून, हा मनुष्य आपल्याबरोबर नाही, असा चेहरा करून.

आणि एवढं सरकूनही आजूबाजूचं काँक्रीट बऱ्यापैकी धड होतं. भेगा होत्या, गंज होता, जुन्या बांधकामाला असतं ते सगळं होतं. पण एका फुटाची विसंगती पोटात घेऊन ते शांत बसलं होतं. तुलनेला हेवर्ड शहराची जुनी सिटी हॉलची इमारत घ्या. १९३० च्या सुमाराची, छान दिसणारी, आणि बरोबर भ्रंशावर. तिला भ्रंशाने आतून फाडत नेलं. ती कधीच बंद झाली, नुसती उभी आहे. (जाता जाता: हेवर्डमध्येच रस्त्याच्या कडेचा एक साधा काँक्रीटचा कठडा होता. भ्रंशाने त्याचे दोन तुकडे हळूहळू एकमेकांपासून सरकवले आणि भूगर्भशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याचे फोटो काढत होते. २०१६ मध्ये नगरपालिकेच्या माणसांनी इमानेइतबारे तो तोडून सरळ करून टाकला. शास्त्रज्ञ हळहळले. मला मात्र आपली नगरपालिका आठवली.)

मधल्या काळातला खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय ही जागा सोडवत का नाही ते कळणार नाही. अँडी स्मिथ जानेवारी १९२६ मध्ये न्यूमोनियाने गेले. त्यांची रक्षा विमानातून या मैदानावर विखुरली. २३ मार्च १९६२ ला सनदेच्या वर्धापनदिनी अध्यक्ष केनेडी इथे बोलले, ८० हजारांहून जास्त लोकांसमोर. २० नोव्हेंबर १९८२ ला स्टॅनफर्डविरुद्ध शेवटचे चार सेकंद उरले असताना बर्कलीच्या खेळाडूंनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे फेकत नेला, स्टॅनफर्डचं बँडपथक जिंकलो समजून मैदानात घुसलं, आणि केव्हिन मोएन त्या बँडवाल्यांमधून धावत जाऊन एका ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. २५-२० ने बर्कली जिंकलं. अमेरिकेत त्याला नुसतं 'द प्ले' म्हणतात. आणि पूर्वेच्या टेकडीवर कंजूष लोकांची एक जागा आहे, टाइटवॉड हिल. तिथे बसून स्टेडियम उघडल्यापासून माणसं फुकट सामने पाहत आली आहेत. आपल्याकडे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून सामना पाहतात, तसंच. अशी जागा नुसत्या अभियांत्रिकीच्या हिशेबाने सोडता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाने आपल्या इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी केली आणि स्टेडियमला 'पुअर' शेरा मिळाला. म्हणजे मोठ्या भूकंपात जीविताला चांगलाच धोका. आणि इथे कायदा आडवा आला. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये ऑल्किस्ट-प्रिओलो कायदा केला. जिवंत भ्रंशाच्या रेषेवर माणसांच्या वावराची नवी इमारत बांधता येत नाही, आणि आधीची असली तर तिच्यातल्या फेरबदलाचा खर्च तिच्या मूल्याच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. आता भ्रंशावरच्या जुन्या स्टेडियमचं मूल्य किती? आहे तसं विकलं तर? की नव्याने बांधायला लागेल तेवढं? यावर वकिलांनी जो काथ्याकूट केला तो आपल्या रेडी रेकनरच्या भांडणांची आठवण करून देणारा होता. शहर कोर्टात गेलं, शेजारी गेले, ओकची झाडं वाचवणारे गेले. खेळाडूंच्या नव्या केंद्रासाठी भिंतीलगतची झाडं तोडायची होती, म्हणून २ डिसेंबर २००६ ला काही जण झाडांवर चढून बसले ते ९ सप्टेंबर २००८ ला खाली उतरले. मी गेलो तेव्हा ते वरच होते. फांद्यांना ताडपत्र्या, दोरांना टांगलेल्या बादल्या, खाली पोलिसांचं कुंपण. मौज अशी की त्यातली बरीच झाडं स्टेडियमबरोबरच लावलेली होती.

शेवटी २०१० चा हंगाम संपल्यावर काम सुरू झालं. संघ एक वर्ष सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळला. हॉवर्ड यांची बाहेरची भिंत राष्ट्रीय वारसा यादीत, तिला हात लावायचा नाही. तिला टेकू देऊन उभी ठेवली, पश्चिमेचं आतलं सगळं बांधकाम पाडलं आणि तिच्या पोटात नवीन बसवलं. मैदान चार फूट खाली नेलं. पूर्वेची, टेकडीवरची बाजू मुख्यतः तशीच ठेवली.

भ्रंश जिथून आत येतो आणि बाहेर जातो तिथे काय केलं, तो माझा आवडता भाग. त्या दोन जागांचे प्रेक्षागाराचे भाग बाकी स्टेडियमपासून पूर्ण तोडून स्वतंत्र ठोकळे केले. प्रत्येक ठोकळ्याखाली जाड राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग पाया, राफ्टखाली प्लास्टिकच्या शीटचे थर, आणि त्याखाली वाळू. एवढंच. भूकंपात जमीन फाटली तर ती खालून सरकेल आणि वरचा ठोकळा शीटवरून घसरेल, वळेल, तिरका होईल, पण फाटणार नाही. आडवं सहा फूट आणि उभं दोन फूट सरकणं धरून ते आखलं आहे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकून तिच्यावर कपाट ठेवलं की ते ढकलता येतं, तोच प्रकार. वरचा प्रेस बॉक्स, म्हणजे पत्रकारांचा कक्ष, बैठकीच्या रचनेपासून वेगळा, काँक्रीटच्या स्वतंत्र भिंतींवर. त्या डुलाव्यात आणि परत सरळ व्हाव्यात म्हणून त्यांना आतून ताणलेल्या केबल, आणि धक्का शोषायला डॅम्पर. हे काम फोरेल-एल्सेसर या फर्मचं. कल्पना मात्र नवी नाही. १९२३ च्या माणसांनी जी फट सोडली, तिचंच रूंद केलेलं, हिशेब मांडलेलं रूप आहे.

कुणी म्हणेल, मग दुसरीकडेच का नाही बांधलं? बर्कलीसारख्या दाट शहरात साठ हजार माणसांची दुसरी जागा आणायची कुठून? आणि बाहेर नेलं तर ते विद्यापीठाचं स्टेडियम राहिलं नसतं, हायवेलगतचं एक मैदान झालं असतं. माझ्या मते त्यांनी तिथेच राहायचं ठरवलं ते समजण्यासारखं आहे. फसलं ते पैशाचं गणित. स्टेडियमला ३२ कोटी १० लाख डॉलर आणि शेजारच्या खेळाडूंच्या केंद्राला आणखी सुमारे १५ कोटी. कल्पना अशी होती की चांगल्या जागांचा चाळीस-पन्नास वर्षांचा हक्क श्रीमंत माजी विद्यार्थ्यांना विकायचा, एका खुर्चीला ४० हजारांपासून सव्वादोन लाख डॉलरपर्यंत. मंदी आली, संघ हरू लागला, खुर्च्या पडून राहिल्या. कर्ज राहिलं ४० कोटींच्या वर आणि काही रोख्यांची मुदत तर २११३ पर्यंत. मैदानाचं नावही विकून झालं: २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टोवाल्या कंपनीशी दहा वर्षांचा, पावणेदोन कोटी डॉलरचा करार झाला, आणि पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. इंजिनिअरांनी सहा फूट सरकण्याची सोय केली होती. हिशेबवाल्यांनी एक इंचही सोडला नव्हता.

१ सप्टेंबर २०१२ ला स्टेडियम पुन्हा उघडलं, पहिला सामना नेवाडाविरुद्ध, आणि बर्कली ३१-२४ ने हरलं.

तुमच्या शेवटच्या ओळीत होतं, 'मुलगा तिथे शिकायला जातोय, त्याने त्या स्टेडियममध्ये बसावं का?' खुशाल बसू दे. वर्षाला घरचे सहा-सात सामने, एकेक चारेक तासांचा. वर्षातल्या ८७६० तासांपैकी अठ्ठावीस. हेवर्ड भ्रंशावरचे मोठे भूकंप साधारण दीड शतकाच्या अंतराने होत आले आहेत आणि १८६८ ला दीड शतक उलटून गेलंय, हे खरं. पण मुलगा त्या अठ्ठावीस तासांत जिथे असेल तिथे जगातल्या फार थोड्या इमारतींचा झाला असेल एवढा विचार झालेला आहे. उरलेले तास तो कुठल्यातरी जुन्या भाड्याच्या लाकडी घरात काढणार आहे. विचारायचं तर त्या घराचं विचारा. ते पायाला बोल्टने बांधलंय का, पुस्तकांचं कपाट भिंतीला अडकवलंय का, आणि गरम पाण्याच्या टाकीला, भूकंपात ती उलटू नये म्हणून, वर आणि खाली अशा दोन पट्ट्या आहेत का. तिथल्या नियमाने त्या लागतात.

त्या दिवशी बर्कलीहून परतल्यावर मी मेहुण्यांना हेच विचारलं. स्टेडियममध्ये माझ्यापासून लांब उभे राहिलेले मेहुणे आता मात्र गॅरेजचा दिवा लावून माझ्याबरोबर वाकले. वरची पट्टी होती. खालची नव्हती.